होडीतलं दुसरं माणूस

(केंद्रावरून चैत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आज होडीबद्दल बोलायचं आहे. सातारा-सांगलीत समुद्र कुठं आहे, असं कुणी म्हणेल. पण जरा मोजून बघा. धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना, वारणा, ही नुसती मोठी धरणं झाली. कृष्णा वाईपासून कराड, औदुंबर, सांगली करत पुढं जाते. तापोळा-बामणोलीकडं अजून कितीतरी वाड्यांचा बाजार आणि दवाखाना लाँचवर चालतो. आणि समुद्र नाही म्हणता, तर कोयनेच्या शिवसागरातलं बरंच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे आपला साताऱ्याचा पाऊस रोज अरबी समुद्राला भेटायला जातोच आहे. माझं माहेर त्या खाडीकाठचं आणि सासर धोमच्या काठचं. दोन्ही पाण्यांवर होडीत बसले आहे, म्हणून केंद्रातल्या ताईंनी मला बोलावलं.

होडीत बसणाऱ्या बायकांची संख्या वाढली आहे, हे तुम्हीही बघत असाल. कारण साधं आहे. गडी परवडत नाही. एका माणसाला रोजाची हजेरी द्यायची आणि जाळ्यात दोन किलो चिलापी निघाली तर घरी काय न्यायचं? मग बायको होडीत बसते. जाळं सोडते, ओढते, मासे सोडवते, होडीत आलेलं पाणी उपसते, काठावर आल्यावर वजन करून बाजारात नेते. एवढं सगळं करते. फक्त सुकाणूला आणि मशीनला हात लावत नाही. का? तर ते मालकांचं काम. मीही घरात मालकच म्हणते, त्याबद्दल तक्रार नाही. पण भर पाण्यात मालकांना चक्कर आली, पाय घसरला, हातात जाळ्याचा दोर अडकला, तर होडीत उरलेल्या माणसाला होडी काठाला आणता आली पाहिजे. येत नसेल तर त्या होडीत एकच माणूस आहे आणि दुसरा उतारू आहे, असं मी म्हणते.

केरळात त्रिशूर जिल्ह्यात चेट्टुवा म्हणून समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या के. सी. रेखा यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. नवरा समुद्रात मासेमारी करायचा, होडीवरचे गडी सोडून गेले, नवीन ठेवायला पैसे नव्हते. रेखा होडीत बसली. आधी उलट्या झाल्या, खारा वारा सोसेना. तरी जात राहिली आणि होडी चालवायला, पाणी ओळखायला शिकली. चार मुलींची आई आहे. पुढं तिच्या स्वतःच्या नावानं समुद्रात मासेमारीचा परवाना झाला, खोल समुद्रातल्या मासेमारीचा परवाना असलेली देशातली पहिली बाई म्हणून २०१७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तिचा सत्कार केला. पेपरात नवराबायकोचा फोटो आला तेव्हा आमच्याकडं तो चुलीशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता. पहिली बाई वगैरे ठीक आहे, मला त्यातलं आवडलं ते दुसरंच. ती मदतीला गेली होती, पण मदतनीस राहिली नाही.

आता वाऱ्याकडं येते. नवराबायकोनं चालवायच्या होडीचा खरा तिसरा गडी म्हणजे वारा, आणि तो कुणाचं ऐकत नाही.

आमच्या खाडीवर माझ्या आई-बाबांची शिडाची होडी होती. आता सगळ्यांना मशीन लागलं, पण वारा तोच आहे. थंडीपासून चैत्रापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक असतं, एस्टीपेक्षा बरं पाळलं जातं म्हणा ना. रात्री जमीन गार होते, पाणी उबदार राहतं, मग पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडं सुटतो. त्याला मतलई म्हणतात. त्या वाऱ्यावर शीड सोडून बाहेर पडायचं. नऊ-दहाला तो पडतो, पाणी आरशासारखं होतं. मग जमीन तापली की दुपारपासून उलटा, समुद्रावरून खारा वारा येतो, तीन-चारला त्याचा जोर सगळ्यांत जास्त, दिवस मावळला की संपला. मतलईवर जायचं, खाऱ्यावर परत यायचं. मशीन नसताना पिढ्यान्पिढ्या असंच चाललं.

ऐकायला सोपं वाटतं. पण खाडीच्या तोंडाशी अजून एक हिशेब असतो, भरती-ओहोटीचा. खाडीतून पाणी जोरात बाहेर निघालेलं असेल आणि समोरून खारा वारा त्याच्यावर चालून येत असेल, तर लाटा उंच होतात, जवळजवळ येतात आणि अंगावर फुटतात. तेच पाणी आणि तोच वारा एका दिशेनं जात असतील तर होडी पाळण्यासारखी आत येते. वारा तेवढाच, पण एका दिवशी खाडीचं तोंड देवळाचं अंगण असतं आणि दुसऱ्या दिवशी तिथंच होडी उलटते.

हे आधी कसं कळायचं? तर तिथीवरून. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा की, तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी असेल तर सहा. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास. खाडीत आत जाल तसा थोडा उशीर होतो, पण अंदाजाला पुरतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

आता जोडून बघा. पौर्णिमेला बाराला भरती, म्हणजे तीन वाजता ओहोटी ऐन जोरात. त्यात उधाणाचे दिवस, पाणी जास्त. आणि खारा वाराही तीनलाच जोरात. दोघं समोरासमोर! म्हणून त्या दिवशी बाराच्या आत खाडीत शिरायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत बाहेरच थांबायचं. अष्टमीला मात्र दुपारभर पाणी आत येत असतं, वाराही आत, शिवाय भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी. तेव्हा तीनला खुशाल या.

आणि तिथी घरात कुणाला पाठ असते हो? संकष्टी कधी, एकादशी कधी, कुणाचा उपवास कधी, हे विचारायला घरातली पुरुषमंडळी कुणाकडं येतात? आमच्या घरी बाबा सकाळी विचारायचे, “आज काय आहे गो?” आई चूल फुंकता फुंकता सांगायची, “षष्ठी. साडेचाराला भरती. दुपारी या, पण तीनच्या आधी घाई नको.” होडी कधी परतायची ते आमच्याकडं चुलीपाशी ठरायचं. आई सुकाणूला बसायची आणि बाबा शिडाला, कारण शिडाला ताकद लागते आणि सुकाणूला नजर. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या होड्यांवर असंच असतं.

त्यांचा एक नियम होता. दोघांपैकी कुणीही एकदा ‘फिरवा’ म्हटलं की होडी फिरायची. का, कशाला, एवढं कुठं काय झालंय, हे पाण्यात नाही. ते घरी जेवताना. घरी कधीकधी भरपूर व्हायचं, बाबा म्हणायचे तुझ्यामुळं अर्धा दिवस गेला, ढग तर निघून गेला. आई म्हणायची, गेला तर गेला. पण पाण्यात एकदाही वाद ऐकला नाही. मला विचाराल तर दोघांच्या होडीत यापेक्षा मोठा नियम नाही. ज्याला भीती आधी वाटली त्याचं ऐकायचं. नवराबायकोत हे अवघड जातं, कारण पाण्यावरचा वाद बहुतेक वेळा पाण्याचा नसतोच. काल सासरी काय झालं, परवा पैसे कुणी खर्च केले, ते सगळं वल्ह्यावर येऊन बसतं. म्हणून शब्द आधी काठावर ठरवून ठेवायचा. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, तर हाताची खूण ठरवायची. आम्ही डोक्यावर तळहात गोल फिरवतो, की झालं, परत.

किनाऱ्यावरचं वेळापत्रक बिघडतं ते वैशाखात आणि पावसाळ्याच्या शेवटी. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदीच असते, ते बरंच आहे. पण वादळ बंदीच्या तारखा बघून येत नाही. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, दिवाळी होऊन गेल्यावर, समुद्र शांत असायच्या दिवसांत. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे कितीतरी मच्छीमार समुद्रात होते, त्यांतले अनेक परत आले नाहीत. मग ३ जून २०२० ला निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. आता निरोप लवकर येतो, बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की लहान होडी काढायची नाही हे पोराटोरांनाही माहीत असतं. बावटा लावणारा लावतो, तो बघून पुढचं ठरवायचं ते घरात.

इकडं घाटावर बावटा नाही. आपल्याकडचा वारा वेगळा आणि मला विचाराल तर जास्त दगाबाज. धरणाच्या दोन्ही अंगाला डोंगर, त्यामुळं पलीकडं काय शिजतंय ते दिसत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी पाणी इतकं स्वच्छ असतं की कमळगड पाण्यात उलटा दिसतो. दुपारी दोननंतर डोंगरामागून ढग वर चढतो. फुलकोबीसारखा, कडा पांढऱ्याशुभ्र, बूड काळं. तो वर वर चढतोय तोवर वेळ आहे. त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला की वेळ संपत आली. मग वारा एकदम पडतो, घुसमटल्यासारखं होतं. मग अचानक गार झुळूक येते, मातीचा वास येतो. अहाहा म्हणू नका. तो वास येतोय म्हणजे पाऊस जवळपास पडतोय आणि त्याच्या पुढं त्याचा वारा धावत येतोय. पाऊस नंतर येतो, वारा आधी येतो, होडी उलटते ती वाऱ्यानं. रेडिओवर सांगतात ना, विजांसह ताशी ४० ते ५० किलोमीटरनं सोसाट्याचा वारा, तो हाच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. सकाळी जी होडी आपण दोन वल्ह्यांनी आरामात नेली, ती तेव्हा चौघांनाही आवरत नाही. फायबरची होडी हलकी असते, थर्माकोलचा तराफा तर त्याहून हलका, पानासारखा उडतो.

विजेचं एक साधं माप आहे. चमकली की मोजायला लागा, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. पण मोजत बसायचं ते काठावर. पाण्यात असताना गडगड ऐकू आली याचा अर्थ एवढाच की तुम्ही आधीच निघायला हवं होतं. आणि काठाला जायचं म्हणजे आपल्या घराच्या काठाला नाही, जवळच्या काठाला. पलीकडच्या वाडीत उतरा, कुणाच्या पडवीत बसा, चहा प्या, फोन करा. लोकांना होडी घरच्या घाटालाच लावायची असते, त्यात अर्धा तास पाण्यावर जास्त जातो. एकट्या झाडाखाली मात्र बसू नका.

आणि जाळं? इथंच सगळं अडतं, मैत्रिणींनो. अर्धं जाळं पाण्यात, अर्धं होडीत, ढग डोक्यावर, आणि मालक म्हणतात, दोन मिनिटं, एवढं ओढून घेऊ. ते जाळं हजारो रुपयांचं असतं. कधी त्याचे पैसे पतसंस्थेचे असतात, कधी बचत गटातून काढलेले, आपल्याच नावावर. मग आपणच म्हणतो, ओढा ओढा. ढग दिसत असतो, पण हप्ता जास्त जवळ दिसतो.

यावर एक खरी गोष्ट सांगते, लांबची आहे. इंग्लंडमध्ये ॲन डेव्हिसन आणि तिचा नवरा फ्रँक असं जोडपं होतं. दोघांनी सत्तर फुटी जुनी मासेमारीची शिडाची बोट घेतली, नाव रिलायन्स. ती दुरुस्त करून जगभर फिरायचं ठरवलं. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, कर्ज झालं, बोट हातातून जायची वेळ आली. तेव्हा १९४९ साली तयारी पुरी झालेली नसताना दोघंच ती घेऊन निघाली. एवढी मोठी बोट, माणसं दोन, हवा वाईट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड बिल नावाचं खडकाळ टोक आहे, तिथं बोट फुटली. दोघं छोट्या तराफ्यावर उतरली. नवरा त्या तराफ्यावरच गेला. ॲन खडकांवर फेकली गेली आणि हातापायांनी कडा चढून वर आली.

पुढं ती नावेच्या कारखान्यात काम करायला लागली, शीड चालवायला नीट शिकली. १९५२ च्या मे महिन्यात तेवीस फुटांची छोटी होडी घेऊन एकटी प्लिमथ बंदरातून निघाली आणि जानेवारी १९५३ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडं डॉमिनिका बेटावर पोचली. अटलांटिक एकटीनं शिडावर पार करणारी पहिली बाई. लोक तिच्या या दुसऱ्या सफरीचं कौतुक करतात, करावंच. मला मात्र पहिली सफर जास्त आपली वाटते. त्यांना हवेनं बाहेर काढलं नव्हतं, कर्जानं काढलं होतं. सावकाराला चुकवायला पाण्यात गेली. आपल्याकडं पाण्यात जायची वेळ हप्ता ठरवतो तेव्हा हेच होत असतं, फक्त बोट लहान असते.

तर जाळ्याचा उपाय आधीच करून ठेवायचा. जाळ्याच्या टोकाला दोर आणि रिकामा कॅन बांधलेला असू द्या, त्यावर रंगानं खूण. गडगड ऐकली की टोक सोडून द्यायचं आणि निघायचं. कॅन तरंगतो, जाळं उद्या सापडतं. फार तर थोडं फाटेल, बसून विणू. आणि होडीत कोयता किंवा सुरी हाताशी पाहिजे, डब्यात नाही. हाताला, पायाला, मशीनच्या पंख्याला जाळं गुंडाळलं तर सोडवत बसायचं नाही, कापायचं.

आता जे बोलायला जीभ जड होते ते बोलते. माणूस पाण्यात पडलं तर?

होडीत दोघंच आहेत, म्हणजे वाचवणारं एकच उरलं. पहिलं, त्याच्यावरची नजर काढायची नाही. लाटेत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, एकदा हरवलं की सापडत नाही. दुसरं, तरंगणारं काहीतरी टाकायचं, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधून तयार ठेवलेला असावा. आपण उडी मारायची नाही. कितीही पोहता येत असलं तरी नाही, कारण मग होडी वाऱ्यावर निघून जाते आणि दोघं पाण्यात. तिसरं, होडीचं तोंड वाऱ्याकडं करून त्याच्याजवळ जायचं, म्हणजे वारा होडीला अडवतो, ती अंगावर जात नाही. जवळ गेलं की मशीन बंद. चौथं, बाजूनं ओढून घ्यायचं नाही, लहान होडी कलंडते. मागच्या अंगानं घ्यायचं, दोराचा फास खाली सोडला की त्याला पाय ठेवायला पायरी होते. ओल्या कपड्यांचं पुरुषमाणूस आपल्याला उचलत नाही, हे धरूनच चाला. नाहीच चढवता आलं तर काखेतून दोर घालून होडीला बांधा, तोंड पाण्यावर ठेवा, आणि हळूहळू काठाकडं वल्हवा. आणि होडीच उलटली तर होडी सोडायची नाही, दोघांनी धरून राहायचं. काठ जवळ दिसतो, पण तो दिसतो तेवढा जवळ नसतो.

हे सगळं जॅकेट घातलं असेल तर. जॅकेट होडीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. उशाला घेतात, त्यावर बसतात, मासे झाकतात! खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत. पदर आत खोचून त्यावरून जॅकेट घाला. गोल साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या की पायाला बेडी पडते. आमच्या किनाऱ्यावरच्या बायका काष्टा घालतात तो काही उगाच नाही. काष्टा नको असेल तर सलवार, किंवा मालकांची जुनी पँट. लोक हसतील. हसू देत.

८ ऑगस्ट २०१९ आपण सांगलीकरांनी विसरायचं कसं? कृष्णेचा महापूर, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ, पुरातून बाहेर काढताना बोट उलटली. बोटीत पेलेल त्यापेक्षा जास्त माणसं होती. दहा-बारांहून जास्त जीव गेले, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. त्या माणसांना दोष द्यायचा प्रश्नच नाही, पाणी घरात शिरलेलं असताना कुणीही बोटीत चढेल. पुरात आपल्याकडं गुऱ्हाळाच्या काहिलीतूनही माणसं काढली आहेत. पण पुढच्या वेळी बोट काठाला लागली की आधी विचारा, किती माणसांची आहे. आणि लेकरांना जॅकेट आधी.

मग हे शिकायचं कधी? आत्ता, पाऊस यायच्या आधी, सकाळी सात ते नऊ, पाणी निवांत असताना. चार सकाळी पुरतात. पहिल्या दिवशी नुसतं मशीन चालू-बंद करायचं. दोरी ओढायला ताकद लागते, पण पाय अडकवून कंबरेतून ओढली की जमतं. मशीन नसेल तर एकटीनं दोन्ही वल्ही मारून पन्नास पावलं जायचं आणि यायचं. दुसऱ्या दिवशी वळवणं. तिसऱ्या दिवशी रिकामा कॅन पाण्यात टाकायचा आणि तो मालक समजून परत आणायचा. हे करताना आमच्याकडं फार हसणं झालं. चौथ्या दिवशी एकटीनं घाटाला लावायची, आणि मालकांनी होडीत हाताची घडी घालून गप्प बसायचं. हेच त्यांना सगळ्यांत अवघड जातं. “अगं डावीकडं, अगं डावीकडं” सुरू होतं. तेव्हा म्हणायचं, अहो, तुम्ही आत्ता पाण्यात पडलेले आहात, बोलू नका.

काठावर बसलेली चार माणसं बोलतात, बाई सुकाणूवर बसली आता. त्यांना गोव्याची तारिणी सांगा. नौदलाची छप्पन्न फुटी शिडाची बोट. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा, दोघीच, २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २९ मे २०२५ ला गोव्यालाच परत आल्या. आठ महिने. एक झोपली की दुसरी जागी. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड, दक्षिण आफ्रिका. दोघांच्या होडीत दोघांनाही सगळं यावं लागतं, कारण एकाला कधीतरी झोप लागणारच. आपल्याला धरणाच्या पलीकडं तर जायचंय.

निघताना तीन गोष्टी. काठावरच्या एकाला, जावेला, शेजारणीला सांगून जा की इतक्या वाजता येतो, आणि नाही आलो तर फोन कर. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, पोलीस ११२, किनाऱ्यावर असाल तर तटरक्षक दल १५५४. फोन दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत, हवा काढून, गळ्यात. आणि सकाळी हवामान ऐका. पिवळा इशारा असेल तर दुपारच्या आत परत, नारिंगी किंवा लाल असेल तर होडी काठालाच. विजेसाठी ‘दामिनी’ म्हणून ॲप आहे, पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं, घरातल्या पोराला लावून द्यायला सांगा.

शेवटी कागदाचं काम, ते राहून जातं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांना अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात राहावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हप्ता आपल्याला भरावा लागत नाही, सरकार भरतं. पण तो नोंद झालेल्या मच्छीमाराला आहे. होडीत रोज बसणाऱ्या बाईचं नाव संस्थेच्या यादीत नसेल तर तिच्यासाठी काही नाही. आपल्यापैकी कितीजणींचं आहे? चौकशीला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, “तुमच्या मालकांचं नाव आहे की.” त्यावर उठून यायचं नाही. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो बरोबर न्यायचे, स्वतःच्या नावाचा सभासदत्वाचा आणि विम्याचा अर्ज वेगळा द्यायचा, आणि पोच घ्यायची, शिक्क्यासकट. संस्थेत नाहीच घेतला तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायचा. एकटीनं जायला अवघड वाटलं तर पाचजणी मिळून जा. वळीव सुरू व्हायच्या आत जा.